'तारण' या शब्दासाठी आठ गुरुवार

आधी व्यवहाराचं सांगतो. नगरमधल्या एका चर्चच्या मागचा हॉल. आठ गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. फी ४०० रुपये, त्यात झेरॉक्स नोट्स आणि दर वेळी चहा. विषय 'मनुष्य, पाप आणि तारण'. शिकवणारे एक निवृत्त पाळकसाहेब. माझ्याकडून ५ पैकी ४ गुण. एक गुण कुठे कापला ते ओघात येईलच.

मी ख्रिस्ती नाही. सूनबाई ख्रिस्ती आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, घरात दोघी-तिघांची देवपूजा आपापली चालते, भांडण काही नाही. पण रविवारी ती उपासनेहून आली की तिच्या बोलण्यात 'तारण' हा शब्द हमखास येतो, आणि माझे कान टवकारतात. कारण मी ३१ वर्षं एका पतसंस्थेत सोनेतारण विभागात काढली. सोनार कसावर घासून टंच सांगायचा, मी वजन लिहायचो, पाकीट सील करायचो, पावती फाडायचो. माझ्या लेखी तारण म्हणजे कर्जदाराने आणून ठेवलेली वस्तू. एकदा न राहवून विचारलं, "तारण म्हणजे नक्की काय गं तुमच्यात?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्या तिजोरीतलं नाही हो ते." मग कोणतं, हे मात्र तिला चार वाक्यांत सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिने या वर्गाचं पत्रक आणून टेबलावर ठेवलं.

पहिल्या गुरुवारी बावीस जण होतो. बहुतेक त्या चर्चच्या मंडळीतलेच, दोन नर्सिंगच्या मुली, एक तान्हं मूल घेऊन आलेली बाई, आणि मी. सगळ्यांनी 'जय ख्रिस्त' केलं, मी नमस्कार केला, कुणी वळून पाहिलं नाही. खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या प्लॅस्टिकच्या. दीड तास बसायचं तर साठीपुढच्यांनी उशी न्यावी. मी तिसऱ्या आठवड्यापासून नेली.

सुरुवात पापाने होईल असं वाटलं होतं. झाली माणसाच्या मोठेपणाने. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडवतो, नर आणि नारी दोघांनाही. पाळकसाहेबांनी सांगितलं की मूळ हिब्रूत तिथे 'त्सेलेम' असा शब्द आहे आणि तोच शब्द पुढे मूर्तींसाठीही येतो. आजूबाजूच्या राज्यांत देवाचं प्रतिरूप म्हणवून घ्यायचा मान राजाला. इथे तो गवंड्यालाही आहे आणि दाईलाही. मला हे फार आवडलं. मूर्ती नको म्हणणाऱ्या धर्मात देवाने स्वतःची मूर्ती म्हणून माणूसच बसवला! दुसऱ्या अध्यायात तोच माणूस मातीचा. हिब्रूत जमिनीला 'अदामा' म्हणतात, त्यातूनच आदाम. म्हणजे एका पानावर सिंहासन आणि उलटलं की ढेकूळ. पाप नंतर. हा क्रम पाळकसाहेबांनी आठही आठवडे सोडला नाही. बिघाड सांगायचा तर आधी वस्तू मुळात काय होती ते सांगायला हवं ना.

दुसऱ्या आठवड्यात पाप. आपल्याकडे हा शब्द इतका घासून गेलाय की कुत्र्याचं पिल्लू भिजलं तरी आपण "पाप, बिचारं!" म्हणतो. आणि डोक्यात कायम जमाखर्च: इकडे पाप, तिकडे पुण्य, शेवटी शिल्लक. हिब्रूतल्या क्रियापदाचा साधा अर्थ नेम चुकणं. बायबलातल्या शास्ते नावाच्या पुस्तकात बन्यामीन वंशातले सातशे डावखुरे गोफणवाले आहेत, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथे 'चुकणं' म्हणून जे क्रियापद आहे तेच पाप करण्यालाही वापरतात. पाळकसाहेबांनी खिशातून हातरुमाल काढून गोफणीसारखा फिरवला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच मान बाजूला घेतली. ज्वारीच्या माळ्यावर पोरपण काढलेल्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नव्हती. प्रश्न किती धोंडे चुकले हा नाहीच. हातच वाकडा पडलाय, असं हे म्हणणं.

तिसरा आठवडा ऑगस्टीनचा. हा उत्तर आफ्रिकेतला बिशप, इ. स. ३५४ ते ४३०. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर याने शेजारचं नासपतीचं झाड झोडपलं. फळं धड चवीची नाहीत, दिसायलाही बरी नाहीत. पोरांनी ती डुकरांपुढे टाकली. आपल्याकडे कैऱ्या चोरणं कुणी गुन्ह्यात धरत नाही, पण हा गृहस्थ चाळिशी ओलांडल्यावर त्या झाडापाशी पुन्हा पुन्हा जातो. भूक नव्हती, गरज नव्हती, मग का? तर करू नये म्हणून केलं, त्यातच गोडी होती. हे ऐकताना मला संस्थेतला एक सहकारी आठवला. पगार चांगला, घर स्वतःचं, आणि रोज न चुकता स्टेशनरीच्या कपाटातून एक रिफिल खिशात. घरी त्याच्याकडे बरणीभर रिफिली होत्या म्हणे.

इथेच तान्ह्या मुलाच्या आईने विचारलं, "हे पण पापीच जन्मलं का?" हॉल गप्प. मूळ पापाचा, म्हणजे पहिल्या माणसाचं, आदामाचं पाप जन्मतःच सगळ्यांकडे येतं का, हा प्रश्न खरं तर आख्ख्या आठवड्याचा, आणि तो उरकला दहा मिनिटांत. अर्धा गुण मी इथे कापला. उरकतानाही जे सांगितलं ते मात्र सरळ होतं. ऑगस्टीनच्याच काळातला पेलेगियस नावाचा धर्मशिक्षक म्हणत होता की माणूस जन्मतः कोरा आहे, मनात आणलं तर नीट वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, ती मनात आणायची शक्तीच आजारी आहे. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलेगियसचं म्हणणं फेटाळलं. यात एक भाषांतराची गंमत आहे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात मूळ ग्रीकचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा लागतो. ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिनमध्ये 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असं वाचता येत होतं, म्हणजे आदामात. एका शब्दयोगी अव्ययावर केवढी इमारत! पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही म्हणतात की आदामाकडून आपल्याकडे मरण आणि दुबळेपण आलं, त्याचा दोष नाही. पाळकसाहेब त्या बाईला म्हणाले, "ताई, याच्यावर आम्हीच एकमताचे नाही. पण याला हट्ट करायला तुम्ही शिकवला का?" ती हसली. बाळ झोपलं होतं.

आता माझ्या पेठेतला भाग. चौथ्या-पाचव्या आठवड्यात फळ्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला येशूचा दाखला आला. एका चाकराला राजाचं दहा हजार तालांत देणं. राजा ते माफ करतो. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो. पाळकसाहेब पुढे जात होते, मी हात वर केला आणि हिशोब मागितला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. मी वहीत मांडलं: दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवस. एका मजुराची दीड लाखाहून जास्त वर्षं, तीही एक सुट्टी न घेता. आजच्या ५०० रुपये रोजाने ३,००० कोटी. आणि सोबत्याकडचं येणं? ५० हजार. मी मोठ्याने म्हणालो, "हे कर्ज मंजूर कुणी केलं?" सगळे हसले. पण खरं सांगतो, चाकर राजाला म्हणतो की मला सांभाळून घ्या, सगळं फेडीन, तिथे माझ्या पोटात गोळा आला. हे वाक्य मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय. म्हणणाऱ्याला ते मनापासून खरं वाटत असतं.

येशू बोलायचा त्या अरामी भाषेत ऋण आणि पाप यांना एकच शब्द आहे. म्हणून मत्तयातल्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठीतही 'आमची ऋणे आम्हांला सोड' असं येतं. सूनबाई हे रोज म्हणते, मला वाटायचं घराच्या हप्त्यांबद्दल आहे.

मग आला जामीन. इब्री लोकांस पत्रात येशूला चक्क 'जामीन' म्हटलंय. आणि त्याच बायबलातलं नीतिसूत्र बजावतं की दुसऱ्याला जामीन राहू नका! मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. कर्ज थकेपर्यंत जामीनदाराला कोण ओळखतं? थकलं की पहिली नोटीस त्याला, पगार कापला जातो त्याचा, आणि कर्जदार गल्ली बदलून जातो. तेव्हा माझ्या शब्दाचा गुंता सुटायला लागला. माझ्या खिडकीवर तारण कर्जदार आणायचा. यांच्या हिशोबात तारण म्हणजे पापातून सुटका, आणि कर्जदाराकडे, म्हणजे माणसाकडे, ठेवायला काहीच नाही, त्यामुळे ज्याचं येणं आहे तोच, म्हणजे देवच, तारण घेऊन येतो. कुठलीही संस्था या पोटनियमावर तीन महिने चालणार नाही, हे मी तिथेच सांगितलं.

आणि मग कशी कोण जाणे, बरेच वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगून बसलो. १९९६ साली एका बाईच्या पाटल्या लिलावाला निघाल्या होत्या. व्याज थकलेलं १,८४० रुपये. मुलगी लग्नाची. मी माझ्या खिशातून भरले आणि कर्ज नवंजुनं करून टाकलं. त्यानंतर ती बाई माझ्या खिडकीवर कधी आली नाही. शेजारच्या खिडकीपुढे रांग असली तरी तिथेच उभी राहायची, माझ्याकडे पाठ करून. मला वर्षभर राग होता. एकदा कधीतरी टेबलावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवून न बोलता निघून गेली. पाळकसाहेबांनी विचारलं, "पैसे परत मागितलेत?" म्हटलं, "छे! एका शब्दाने नाही. पण तिने निदान नीट बोलावं एवढं तरी..." ते म्हणाले, "म्हणजे खतावणी तुमचीही चालूच होती, अण्णा."

मी चहा न घेता घरी आलो. चांगलं काम करतानाही माणूस आतून नावे-जमा लिहीत असतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. मला तो पूर्ण पटलेला नाही. बाईच्या पाटल्या वाचल्या की नाही? पण त्या रात्री झोप उशिरा लागली हेही खरं.

मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो. सहावा आठवडा त्या 'खंडणी' शब्दात अडकला. आजच्या वाचकाला खंडणी म्हटलं की बिल्डरला आलेला फोन आठवतो. मूळ अर्थ गुलाम किंवा कैदी सोडवायची किंमत. मी विचारलं, ही किंमत पोचली कुणाला? माझी समजूत की मी फार हुशार प्रश्न विचारला, तर तो चौथ्या शतकातलाच निघाला. निस्साचा बिशप ग्रेगरी म्हणाला, सैतानाला, आणि तीही गळाला लावलेल्या आमिषासारखी. दुसऱ्याच एका ग्रेगरीला ही कल्पनाच किळसवाणी वाटली. १०९८ साली इंग्लंडातल्या कँटरबरीच्या आर्चबिशप आन्सेल्मने मांडलं की देणं सैतानाचं नाहीच, देवाच्या मानाचं आहे. ते माणसाने द्यायला हवं आणि देऊ फक्त देव शकतो, म्हणून देवच माणूस झाला. वकिली थाटाचं आहे, पण बांधणी पक्की. पुढे आबेलार हा फ्रेंच विचारवंत आला आणि म्हणाला, हे प्रेम पाहून माणूस पालटतो, तेच तारण. नर्सिंगच्या मुलींना तो आवडला. मला आन्सेल्म, सवयीने.

उरलेला अर्धा गुण नोट्ससाठी. झेरॉक्स पुसट, त्यात मराठी असं की 'आरोपित नीतिमत्त्व' हा शब्द मी चार वेळा वाचला. आरोप म्हटलं की आपल्याला पोलीस चौकी दिसते. अर्थ एवढाच की दुसऱ्याच्या चांगुलपणाची रक्कम आपल्या खात्यावर जमा धरायची. मग तसं लिहा ना! पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरवलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ ला बाहेर आलं. शंभर वर्षांपूर्वी जमलं ते आता का जमू नये? तोंडी बोलताना पाळकसाहेब किती सोपं बोलतात. नोट्स कुणा दुसऱ्याने केल्या असाव्यात.

धर्मांतराची भीती असेल तर सांगतो, आठ आठवड्यांत मला कुणी 'स्वीकार करा' म्हणालं नाही. शेवटच्या दिवशी प्रार्थना झाली, ज्यांना थांबायचं ते थांबले, मी चप्पल घालायला बाहेर आलो. उलट पाळकसाहेबांनीच कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण काढली, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. मी म्हटलं, मी पुलाच्या अलीकडेच बरा आहे, तिथून नदी दिसते. ते म्हणाले, "बसा की, पुलावर टोल नाही."

कोणी जावं? घरात ख्रिस्ती सून, जावई, शेजारी असेल त्याने. ज्याला वाटतं की सगळे धर्म एकच सांगतात, त्याने तर नक्की. नाही सांगत, आणि ते ऐकण्यातच मजा आहे. वाद घालायला येणाऱ्यांना दीड तास कमी पडेल. गाडी गेटच्या आत डाव्या हाताला लावा, उजवीकडे पाण्याचा टँकर येतो. फीची पावती मागितली तर मिळते, न मागता मिळत नाही.

वहीत मी आठही आठवड्यांचं सगळं लिहून घेतलं होतं, सहा कोटींच्या हिशोबासकट. सूनबाईने वाचायला म्हणून नेली, ती वही तिच्या माहेरी गेली आणि दीड महिना झाला, अजून परत आलेली नाही. देताना काही तारण ठेवून घ्यायचं सुचलं नाही.