बासष्ट, पासष्ट की सदुसष्ट? किंग्सच्या चाहत्याने निवृत्तीचा हिशेब कसा मांडावा

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो, रँचो कॉर्डोव्हा, फॉल्सम या पट्ट्यातल्या मराठी मंडळींत राज्य सरकारच्या आयटी विभागांत काम करणारे बरेच आहेत, आणि त्यांतले बरेचसे सॅक्रामेंटो किंग्सचा, म्हणजे इथल्या एनबीए बास्केटबॉल संघाचा, सामना सहसा चुकवत नाहीत. पस्तिशी-चाळिशीत इथे आलेली ही पिढी आता साठीला टेकली आहे. कुठेही जमलो की दोन प्रश्न निघतातच: नोकरी कधी सोडायची, आणि यंदा सीझन तिकीट घ्यायचं का? लोक हे प्रश्न वेगवेगळे सोडवतात. मी म्हणेन, एकत्र सोडवा. दोन्हींना लागतात त्या ऑक्टोबर ते एप्रिलच्या संध्याकाळी.

बाहेरच्याला वाटेल की बास्केटबॉलसाठी कोणी निवृत्तीची तारीख ठरवतं का? ठरवावी, असं माझं मत आहे. हा संघ १९८५ मध्ये कॅन्सस सिटीहून इथे आला. २००२ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात हरून अंतिम फेरी हुकली. २००६ नंतर सलग १६ हंगाम प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरची बाद फेरी, दिसला नाही. २०१३ मध्ये तर संघ सिॲटलला निघालाच होता. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला म्हणून इथे राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला, तेव्हा मुंबईतल्या भाच्यांना आम्ही फोन करकरून तिकिटं काढायला लावली होती. २०२३ मध्ये प्लेऑफ आला, सातव्या सामन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टेफ करीने ५० गुण टाकून आम्हाला घरी पाठवलं, आणि तरीही तो हंगाम आठवला की ऊर भरून येतो. नोकरीच्या काळात हे सगळं आम्ही थकलेल्या डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्या दिवशीच्या आठच्या मीटिंगची धास्ती मनात घेऊन. हातात वेळ येईल तेव्हा त्यातला थोडा इकडे लावावासा वाटणं यात गैर काही नाही.

आधी पैसा, कारण त्याचं गणित सरळ आहे

उदाहरण घेऊ. जन्म १९६४ चा, अमेरिकेत आगमन २००१ मध्ये, आधी खासगी कंपनी आणि २०१३ पासून राज्य सरकार. २०१३ पासून लागलेल्यांना कॅलपर्सचं (राज्य कर्मचाऱ्यांच्या पेन्शन संस्थेचं) जे सूत्र लागू आहे त्यात ६२ व्या वर्षी दर वर्षाच्या नोकरीला २ टक्के, ६५ ला २.३ आणि ६७ ला २.५ टक्के मिळतात. म्हणजे ६२ ला १३ वर्षांचे २६ टक्के, ६५ ला १६ वर्षांचे ३६.८ टक्के, ६७ ला १८ वर्षांचे ४५ टक्के. सरासरी पगार महिना १०,००० डॉलर धरला तर पेन्शन अनुक्रमे २,६००, ३,६८० आणि ४,५००. वर्षंही वाढतात आणि दरही वाढतो, म्हणून शेवटची पाच वर्षं इतकी जड पडतात. २०१३ च्या आधी लागलेल्यांचं सूत्र वेगळं आणि बहुधा अधिक उदार आहे. त्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.

सोशल सिक्युरिटीत, म्हणजे केंद्र सरकारच्या पेन्शनमध्ये, आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. तिचा हिशेब सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवर होतो. भारतात केलेली नोकरी त्यात धरत नाहीत. २००१ ला आलेल्याच्या खात्यात २०२६ पर्यंत २५ वर्षं जमतात, उरलेल्या दहा वर्षांच्या जागी शून्यं बसतात. पुढे केलेलं प्रत्येक वर्ष एकेका शून्याची जागा घेतं, म्हणून आपल्यासाठी एका जादा वर्षाची किंमत इथे जन्मलेल्या सहकाऱ्यापेक्षा जास्त असते. त्याशिवाय ६२ ला रक्कम उचलायला सुरुवात केली तर ती पूर्ण रकमेच्या ७० टक्के, ६७ ला पूर्ण, आणि ७० पर्यंत थांबलं तर १२४ टक्के.

विम्याचं थोडक्यात सांगतो. ६५ ला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) सुरू होतं. त्याआधी सरकारी निवृत्तांच्या विम्यात राज्याचा वाटा १० वर्षांच्या नोकरीला निम्मा, पुढे वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत २० वर्षांना पूर्ण. अलीकडे लागलेल्यांना अटी याहून कडक आहेत.

नुसत्या पैशावर ठरवायचं तर ६७. त्यात वाद नाही. पण ६२ ते ६७ मधले हंगाम गुडघे धड असण्याचे, रात्री हायवे ५० वरून समोरच्या दिव्यांचा त्रास न होता गाडी चालवण्याचे असतात. म्हणून मला ६५ पटतं, आणि त्यानंतर हाताशी थोडं काम.

मग काम कोणतं?

पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. ज्यांचं घर फिटलंय, मुलं मार्गी लागलीत आणि ज्यांना खरोखर बागेत किंवा नातवंडांत रमता येतं, त्यांच्यासाठी उत्तम. पण संघ हेच एकमेव वेळापत्रक असेल तर सांभाळा. एप्रिलच्या मध्यावर नियमित हंगाम संपतो आणि ऑक्टोबरपर्यंत काहीही नसतं. प्लेऑफ हुकला, आणि किंग्सचा तो बहुतेक वेळा हुकतो, तर सहा महिने रिकामे. उन्हाळ्यात पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, घरात एसी आणि फोनवर खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अफवा. यात माणूस लवकर म्हातारा होतो.

दुसरा पर्याय, आणि माझा कौल याला: रिटायर्ड ॲन्युइटंट म्हणून जुन्याच खात्यात परत जाणं. पेन्शन चालू राहते आणि वर ताशी मोबदला मिळतो. अटी तीन. आर्थिक वर्षात ९६० तासांची कमाल मर्यादा. निवृत्तीनंतर सर्वसाधारणपणे १८० दिवस थांबायचं. आणि या कामावर नवी सेवा जमा होत नाही, रजा-विमाही मिळत नाही. आता हे तास हंगामावर ठेवून बघा. ९६० तास म्हणजे आठवड्याला ४० प्रमाणे २४ आठवडे. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. जुलै ते सप्टेंबरचे १३ आठवडे आणि पुढच्या एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरचे ११, मिळून झाले २४. म्हणजे जेव्हा सामने नसतात तेवढ्याच काळात ही मर्यादा जवळजवळ तंतोतंत भरते. थांबण्याचा कालावधीही जुळतो: १५ ऑक्टोबरला निवृत्त झालात तर १८० दिवस १३ एप्रिलला भरतात. पहिला मोकळा हंगाम पूर्ण बघून तुम्ही कामावर हजर.

दोन खाचखळगे आहेत. खात्याला तुमची गरज असली पाहिजे. जुन्या सिस्टिमची माहिती फक्त तुमच्याकडे असेल तर बोलावणं येतं, पण ते गृहीत धरू नका. जायच्या आधी मॅनेजरशी उन्हाळ्यातली कामं कोणती यावर मोकळेपणाने बोला. दुसरं म्हणजे या काळात सोशल सिक्युरिटी उचलू नका. ६७ च्या आत रक्कम घेऊन कमाईही केली तर २०२५ च्या नियमाने २३,४०० डॉलरच्या वरच्या दर दोन डॉलरमागे एक रोखून धरतात. ताशी ६० डॉलरने ९६० तासांचे ५७,६०० होतात, म्हणजे १७,१०० अडकले. ते ६७ नंतर मासिक रकमेत वाढीच्या रूपाने परत येतात, पण मग आधी घेण्याचा खटाटोप कशाला?

तिसरा पर्याय अनेकांच्या मनात असतो: गोल्डन वन सेंटरमध्येच, म्हणजे किंग्सच्या घरच्या स्टेडियममध्ये, काम करावं, म्हणजे पैसेही आणि सामनाही. याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्याचं तोंड प्रेक्षकांकडे असतं, कोर्टाकडे नाही. चार-पाच तास पायऱ्यांवर उभं राहणं, हातात नाचोजचा ट्रे घेतलेल्यांना वाट करून देणं, सामना ओव्हरटाइममध्ये गेला की घरी यायला मध्यरात्र. माणसांत रमणाऱ्याला हे काम मनापासून आवडेल. किंग्सकडून खेळलेल्या डीॲरन फॉक्सचा एखादा शॉट आठवणाऱ्याला मात्र चुटपुट लागून राहील.

चौथा पर्याय कमी लोक बघतात आणि तो मला मोलाचा वाटतो: मुलांच्या लीगमध्ये स्कोअरर किंवा रेफरी. रेफरीला धावावं लागतं, पंचाहत्तरीपर्यंत ते जमेलच असं नाही. स्कोअररच्या टेबलावर मात्र बसून काम असतं आणि डोळा क्षणभरही हलवता येत नाही. चालू खेळात बास्केट झाली की नावापुढे २ किंवा ३, फ्री थ्रोसाठी रिकामं वर्तुळ काढायचं आणि चेंडू आत गेला तरच ते भरायचं. फाउल झाला की रेफरी टेबलाकडे वळून बोटांनी नंबर दाखवतो, तो टिपायचा, पाचवा असेल तर लगेच सांगायचं, कारण पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो. दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा फ्री थ्रो घालते आणि धावत येऊन "लिहिलंत ना?" असं डोळ्यांनीच विचारते, तेव्हा आपण या खेळाच्या आत बसलोय हे कळतं. पैसे किरकोळ. शनिवार जातो, पण संध्याकाळी शाबूत राहतात. ॲन्युइटंटच्या कामाबरोबर हे सहज चालतं.

उतारवयात काम कसं बदलावं हे याच संघाने दाखवलंय. एकेकाळचा लीगमधला सर्वांत थरारक डंकर विन्स कार्टर २०१७-१८ मध्ये किंग्सकडे आला तेव्हा चाळिशीचा होता. मोजकी मिनिटं खेळायचा, पोरांना शिकवायचा आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. कारकीर्द संपली ती २०२० मध्ये, २२ हंगामांनंतर. डग क्रिस्टी २००२ च्या त्या संघात बचावाचा आधारस्तंभ. पुढे टीव्हीवर समालोचन, मग सहायक प्रशिक्षक, आणि २०२५ मध्ये पंचावन्नच्या आसपास मुख्य प्रशिक्षक. रेडिओवर गॅरी जेरॉल्ड यांचा आवाज १९८५ पासूनचा, ऐंशी ओलांडल्यावरही तोच. तिघांनी आपल्या ओळखीचंच काम वेगळ्या मापाने केलं. सरकारी खात्यात तीस जणांची टीम चालवलेल्या माणसाने उन्हाळ्यात एका जुन्या डेटाबेसचं काम हाती घेणं हे मला तसंच वाटतं.

आणि तिकीट?

पूर्ण सीझन तिकीट म्हणजे ४१ घरचे सामने. इथे आपल्या लोकांची एक कोंडी होते: पुण्या-मुंबईला जाण्याचे बरे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि हंगामाचा गाभाही तोच. दोन्ही साधायचं म्हटलं तर निम्मी तिकिटं विकत बसावी लागतात, आणि संघ हरत असला की ती कोणी घेत नाही. माझ्या मते पूर्ण सीझन तिकीट फक्त त्यांनीच घ्यावं जे हिवाळ्यात हलणार नाहीत आणि ज्यांच्याबरोबर जायला दुसरं माणूस पक्कं आहे. एकट्याने जाऊन परत येताना पार्किंगपर्यंतची रात्रीची चाल वयाबरोबर लांबत जाते.

बाकीच्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलचे निवडक सामने घ्यावेत. मधला काळ पुण्यात. सॅक्रामेंटोचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात तिथे सकाळी साडेआठला सुरू होतो. अमेरिकेत लीग पासवर (एनबीएच्या ऑनलाइन प्रक्षेपण सेवेवर) घरच्या संघाचे सामने थेट दिसत नाहीत, भारतातून ती अडचण येत नाही. आंघोळ, चहा, पोहे आणि पहिला क्वार्टर. अकराच्या आत सगळा दिवस मोकळा. एवढं मात्र लक्षात असू द्या की मेडिकेअर भारतात चालत नाही. त्या तीन महिन्यांसाठी वेगळा विमा काढा.

ज्यांना गर्दी आणि खर्च नको त्यांनी स्टॉकटन गाठावं. पाऊण-एक तासावर जी लीगचा (एनबीएच्या कनिष्ठ लीगचा) स्टॉकटन किंग्स खेळतो. २०२५ चं विजेतेपद त्यांचं. तिकीट स्वस्त, बसायला जवळ, आणि पुढच्या वर्षी मोठ्या संघात दिसणारा पोरगा दहा फुटांवरून बघायला मिळतो.

ऑक्टोबरची तारीख धरायची असेल तर कॅलपर्सकडून पेन्शनचा अंदाज आदल्या वर्षीच मागवा, सोशल सिक्युरिटीच्या साइटवर आपली कमाईची वर्षं एकेक करून तपासा, आणि ६५ व्या वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन महिने मेडिकेअरच्या अर्जासाठी राखून ठेवा. सामन्यांचं वेळापत्रक ऑगस्टमध्ये येतं. तिकिटांचं तेव्हा बघता येईल.