टायरची तारीख आतल्या बाजूला होती

३०,४५० रुपये गेले. कोणाला काही झालं नाही म्हणून लिहू तरी शकतोय.

आमची कॅराव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, लहानच, दोन चाकांची, बोलेरोच्या मागे जोडायची. पाणी, गॅस, सामान भरलं की ११५० किलो. वर्षातून चार-पाचदा बाहेर पडते, एरवी ऐरोलीत सोसायटीच्या मागे उन्हात उभी. टायर सहा वर्षांचे झाले होते. नक्षी भरपूर होती, पण साइडवॉलवर बारीक भेगा पडल्या होत्या. ट्रेलरचा टायर फिरून झिजत नाही, उभ्या उभ्या वाळतो, हे मला माहीत होतं, म्हणूनच बदलायला गेलो. कोणी मला निष्काळजी म्हणू नये.

कळंबोलीत गेलो, रस्त्यालगतच्या एका दुकानात. ‘नवा माल आहे साहेब, बिनधास्त घ्या.’ ४,२०० ला एक, स्टेपनी धरून तीन, १२,६००. व्हॉल्व्ह आणि बसवणावळ ६००. जुन्या टायरचे ४५० वजा. रोख १२,७५० मोजले. पक्कं बिल हवं तर टायरांच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी लागेल म्हणाला, म्हणजे २,२६८. मी कच्ची पावती घेतली. चूक झाली, पण बाजारात हे किती जण करतात ते सगळ्यांना माहीत आहे. कच्च्या पावतीवर टायर घेऊ नका.

आता ते, जे अजून झोपू देत नाही. टायर चढवत असताना माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, याला केस नाहीत.’ नव्या टायरवर रबराचे बारीक तंतू असतात ना, तिच्या सायकलच्या टायरवर होते ते तिला आठवले. मी टायरवरून हात फिरवला. तंतू नव्हतेच, आणि तळवा काळा, तेलकट झाला. पॉलिश. तंतू नसले म्हणून टायर जुनाच असं नाही, पण पॉलिश हाताला लागलं होतं! मी रुमालाने हात पुसला आणि तिला म्हणालो, ‘गप्प बस, त्यांना काम करू दे.’ टायर कधी बनला ती छापलेली तारीख कुठे आहे हे मात्र विचारलं. दुकानदार म्हणाला, ‘आतल्या बाजूला आली, साहेब.’ पूर्ण तारीख बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असते, हे खरंच आहे. त्या खऱ्या गोष्टीच्या आडूनच त्याने मला फसवलं. टायर रिमवर चढायच्या आधी दोन्ही बाजू बघा. चढल्यावर कोणी खाली वाकत नाही.

वडखळ सोडून पोयनाडच्या अलीकडे डावा टायर फुटला. मागून ट्रेलर हेलकावू लागला. ब्रेक न मारता हळूहळू गाडी कडेला घेतली, तरी चाकावरचा पत्रा फाटला आणि पाण्याची पाइप तुटली. पंक्चरवाल्या दादांनी टायर उलटा करून बोट ठेवलं: ०९१७. २०१७ चा नववा आठवडा! नक्षी कटरने कोरून खोल केलेली, तळाशी धागे दिसत होते. खाचांमध्ये टायर किती झिजला ते दाखवणारे १.६ मिमीचे उंचवटे (टीडब्ल्यूआय) असतात, तेही कापून गेलेले. दुसऱ्या टायरवरची तारीख खरवडलेली. स्टेपनीवर भाराचा आकडा ७९, म्हणजे ४३७ किलो. तशा दोन टायरवरही माझा ट्रेलर पेलला नसता. निदान ९१ तरी बघा, त्याला ६१५ किलो चालतात.

टोइंगचे ६,५०० आणि दुरुस्तीचे ११,२०० वेगळे.

दुकानदार म्हणाला, पावतीवर टायरचा नंबर कुठे आहे? पोलिसांकडे गेलो तर ‘अपघात तिकडे झाला, तिकडे जा.’ तिकडे गेलो तर ‘माल तिकडे घेतलात ना?’ परत आलो तर ‘हा दिवाणी मामला आहे.’ दिवाणी कसला? जुना माल नवा म्हणून विकला, त्यावर माझी बायको आणि मुलगी बसलेली गाडी जाणार हे माहीत असून विकला! नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, तक्रार घ्यावीच लागते. हे बोललो तर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ चार खेपा, दोन रजा. वाहनांच्या कार्यालयात तर टायरबद्दल कोणी ऐकूनच घेतलं नाही, उलट माझ्याच ट्रेलरचे कागद तासभर उलथेपालथे केले. कागद सगळे होते. ज्याने फसवलं त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही.

आता ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करा. फुटलेला टायर फेकू नका, दुकानदार बदलून देतो म्हणाला तरी देऊ नका. माझा बाल्कनीत गोणपाटात बांधून ठेवलाय.

हवा टायर थंड असतानाच तपासा, कमी हवेवर ओढलं तर टायर तापून फुटतो. ट्रेलर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर चाकं झाकून ठेवा.

कळंबोलीच्या त्या बाजूला यंदा कोणी ट्रेलरचे टायर घेतले असतील तर आज रात्रीच मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाका आणि आतली बाजू बघा. चार आकडे सापडले आणि शेवटचे दोन जुने निघाले तर फोटो काढून ठेवा आणि मला कळवा, तक्रारीला जोडतो.