रंगीत शिळाछाप की तपकिरी फोटो? जुनी सिगारेट-कार्डं निवडताना

व्हिक्टोरियन काळातली सिगारेट-कार्डं जमवायला निघालात की पहिला पेच हाच: व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटरची रंगीत कार्डं घ्यायची, की न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीच्या 'ओल्ड जज' सिगारेटची फोटोकार्डं? दोन्ही १८८०च्या दशकातली, पत्त्याहून लहान. मऊ पाकिटातल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून आत घातलेला पुठ्ठा, आणि त्याच पुठ्ठ्यावर जाहिरात.

जाहिरातीच्या चित्रकलेसाठी जमवत असाल, तर ॲलन अँड गिंटर. १८८७चा 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स' संच ५० कार्डांचा. त्यात बेसबॉलवाले फक्त १०. बाकी कुस्तीगीर, मुष्टियोद्धे, वल्हेकरी, शिवाय नेमबाज ॲनी ओकली. एखादं कार्ड भिंगाखाली धरा. गालावरची लाली म्हणजे हातानं टिपलेले बारीक, वेडेवाकडे ठिपके. शिळाछाप म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापणं, आणि दर रंगाला वेगळा दगड. १८९४ साली गिरगावात सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसची चित्रंही अशीच दगडावरून उतरली. घरात त्या छापखान्याची जुनी लक्ष्मी असेल, तर आधी तिच्यावर नजर बसवा. मग नक्कल ओळखू येते: तिथे ठिपके जाळीसारखे, एका मापात मांडलेले असतात. 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स'च्या कार्डामागे पन्नासही नावांची यादी आहे. एक कार्ड हाती आलं की उरलेली ४९ खुणावू लागतात. पाकीट खपायचं ते या ओढीवर.

ओल्ड जजमध्ये रंग नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेला खराखुरा फोटो आहे. स्टुडिओत बेसबॉल खेळाडू झेल घ्यायच्या पवित्र्यात, समोर दोरीला टांगलेला चेंडू, आणि कित्येक कार्डांत ती दोरी स्पष्ट दिसते. माणूस इथे जास्त जवळ येतो, यात शंका नाही. पण फोटोच्या कागदावरचा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर पिवळटतो, चेहरे पुसट होत जातात. खेळाडू ५००च्या वर आणि एकेकाच्या कितीतरी पोझ, त्यामुळे संच पुरा करायची आशा सोडूनच यात उतरावं.

बेसबॉलचे शौकीन दोन्हीकडे भाव चढवतात. म्हणून माझा आग्रह ॲलन अँड गिंटरच्याच पक्ष्यांच्या किंवा झेंड्यांच्या कार्डांचा. चिकटवहीतून उचकटल्यानं पाठ खरवडलेलं कार्ड स्वस्तात मिळतं आणि चित्राचं काहीच बिघडलेलं नसतं. ते बेलाशक घ्या. त्याआधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर कार्डं जमवणाऱ्या जेफरसन बर्डिकचा संग्रह निवांत पाहा. दोन्ही कार्डं तिथे आहेत.