काळी पाचच्या शेजारी काळी दोनचा ट्यूबा : आठ महिन्यांनंतर

आमच्या बँडचा सराव रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला असतो. ट्यूबा, म्हणजे बँडमधलं सगळ्यात खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य, एकच होता, काळी पाचचा, म्हणजे बी फ्लॅट. नोटप्रेसमधून निवृत्त झालेले काका तो वाजवतात. तसाच दुसरा नवा घेणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेला, तीन वॉल्व्हचा (दाबली की नळी लांब करणाऱ्या तीन कळांचा) काळी दोनचा, म्हणजे ई फ्लॅट घेतला. काकांच्या 18 फुटी नळीपुढे याची साधारण 13 फूट. वजनाला हलका, रिक्षात मावतो.

पहिले दोन महिने मी या खरेदीवर चिडलेली होते, आणि ते एका सुरामुळे. खर्जातली काळी पाच! मार्चच्या, म्हणजे संचलनाच्या धुनांमध्ये बासचा (खालच्या सुरांचा) अर्धा जीव त्याच सुरात असतो. काका ती एकही वॉल्व्ह न दाबता काढतात. मला पहिला आणि तिसरा दाबावा लागतो. दोघांनी लांब धरली की सूर स्थिर राहायचाच नाही, सेकंदाला साधारण एक हेलकावा, वँव... वँव... माझा चढा लागत होता. ओठ सैल सोडले तर आवाजच विरायचा. काका म्हणाले, "अगं, तुझ्या फुंकेचा दोष नाही, नळी कमी पडतेय."

घरी कागदावर मांडलं. पहिला वॉल्व्ह मूळ नळीच्या सुमारे 12 टक्के लांबी वाढवतो, तिसरा 19 टक्के. दोन्ही मिळून 31, आणि काळी दोनवरून काळी पाचपर्यंत उतरायला लागतात 33 टक्क्यांहून थोडे जास्त. 13 फुटांत हा फरक 9 सेंटीमीटरचा. सुरात मोजला तर 30 सेंट, जवळपास एक तृतीयांश अर्धस्वर. चौथा वॉल्व्ह असला की हा प्रश्न येत नाही. लंडनच्या डेव्हिड ब्लेकली यांनी 1870च्या दशकात वॉल्व्हलाच जादा नळी जोडून यावर उपाय काढला, पण तसला ट्यूबा माझ्या आवाक्यात नाही.

तीन वॉल्व्हवाल्याला उपाय एकच, तिसऱ्या वॉल्व्हची स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारी यू आकाराची नळी, साडेचार सेंटीमीटर बाहेर ओढायची. नळी दोन्ही बाजूंनी वाढते, म्हणजे 9 भरतात. आणि माझी स्लाइड गच्च अडकलेली! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "जुन्या मालाची गॅरंटी नसते." घेताना त्यानेच "सगळं चालू आहे" सांगितलं होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी भांडी बाजारातल्या एका कारागिराने ती सोडवली. सांध्यात तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी बाहेरून हलकी आच दिली, मग कापडी पट्टा अडकवून एकच झटका. आतल्या नळीवर हिरवट थर होता, तोही पुसून दिला. तीनशे रुपये घेतले. साडेचार सेंटीमीटरवर मी लाल नेलपॉलिशची रेघ मारली आहे.

त्या रविवारी काळी पाच धरली आणि हेलकावा थांबला. काकांनी वाजवता वाजवताच माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून माझं मत बदललं. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये दोन ई फ्लॅट आणि दोन बी फ्लॅट बास, म्हणजे ट्यूबाच, शेजारी का बसतात, ते आता कानाने कळतं. काका खाली जमीन धरतात, मी शक्य तिथे एक सप्तक वर वाजवते, आणि बासची चाल ट्रम्पेटवाल्यांनाही स्पष्ट ऐकू येते. एकाच जातीचे दोन असते तर हा फायदा मिळाला नसता.

त्रास उरलाय तो दोन गोष्टींचा. स्लाइड ओढलेली असताना दुसरा-तिसरा दाबून येणारी पांढरी सात 16 सेंट उतरते. तेवढ्यापुरती स्लाइड आत ढकलते. आणि जानेवारीच्या गारठ्यात काकांचं मोठं वाद्य उशिरा तापतं. मी सुरात आलेली असते तेव्हा ते अजून उतरलेलेच असतात. त्यामुळे आता काका पंधरा मिनिटं आधी येऊन नुसती फुंक मारत बसतात.