ज्युनिपरचं बोनसाय करायचंय? आजवा रोडच्या नर्सरीचा माझा अनुभव

बडोद्यात बोनसायसाठी चांगला ज्युनिपर (एक सदाहरित सूचिपर्णी झाड) मिळत नाही असं सगळे सांगत होते, मला शेवटी आजवा रोडवरच्या एका नर्सरीत मिळाला. नाव लिहीत नाहीये कारण एक तक्रारही आहे, पण आधी चांगलं सांगते.

मागच्या जानेवारीत गेले तेव्हा तिथे पंचवीस-तीस ज्युनिपर काळ्या पिशव्यांमध्ये उभे होते आणि मी सरळ सगळ्यात भरगच्च हिरवा होता तो उचलला. तिथले वयस्कर काका म्हणाले, "बेन, उपरथी नहीं, नीचेथी जुओ." मग त्यांनी स्वतः बोटाने वरची दोन इंच माती बाजूला केली, आणि वरून अंगठ्याएवढा वाटणारा बुंधा खाली जवळजवळ दुप्पट जाड निघाला, तीन बाजूंना पसरलेली मुळं दिसली. बोनसायवाले यालाच नेबारी म्हणतात, अख्ख्या झाडाचं वय तिथूनच जाणवतं. अशा पाच पिशव्या उकरून बघितल्या, पाचवा घेतला, चारशे रुपये. बाकी ठिकाणी कुंडीला हात लावला तरी ओरडतात हो! शेंड्याला फिकट हिरवी नवी वाढ आहे का तेही त्यांनीच बघायला लावलं, कारण ज्युनिपर मेला तरी कित्येक आठवडे हिरवाच दिसतो.

आता तक्रार. काउंटरवरच्या मुलाने मला "इनडोअर आहे, टीव्हीजवळ ठेवा" असं सांगितलं, हे साफ चूक आहे. ज्युनिपर बाहेरचाच, त्याला रोज ऊन लागतंच, घरात ठेवला की हळूहळू जातो. दुसरं म्हणजे त्यांच्याकडचं तयार बोनसाय अठराशेला होतं, वर खडे गोंदाने चिकटवलेले आणि फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार सालीत रुतलेली, ते अजिबात घेऊ नका. पिशवीतली मातीसुद्धा इतकी चिकट की पाणी कडेने वाहून जायचं आणि मधला मुळांचा गड्डा कोरडाच राहायचा, मला ते पहिले दोन महिने कळलंच नव्हतं.

घरी आणल्यावर काकांचा सल्ला पाळला, एका वर्षी एकच त्रास. म्हणजे त्या वर्षी फक्त छाटणी आणि तार, मुळांना हात नाही. आतली वाळलेली पानं काढली, पण प्रत्येक फांदीवर हिरवं ठेवलं, कारण ज्युनिपरला जुन्या उघड्या लाकडातून फुटवा येत नाही, सगळं हिरवं कापलं की ती फांदी गेलीच. अ‍ॅल्युमिनियमची तार घेतली, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, आणि तिरकी गुंडाळत नेली. एक नको असलेली फांदी बुंध्यालगत न कापता थोडी ठेवली आणि पकडीने तिची साल सोलली, आत ओलं पांढरंशुभ्र लाकूड आणि शाळेत पेन्सिलीला टोक काढताना यायचा अगदी तोच वास! पूर्वी चांगल्या पेन्सिली ज्युनिपरच्याच एका जातीच्या लाकडाच्या असायच्या, म्हणून. त्या सोललेल्या फांदीला जिन म्हणतात, झाडाने वादळ सोसल्यासारखं दिसतं.

या जानेवारीत मुळं केली, तीही अर्धीच. एका बाजूची चिकट माती काडीने सोडवली, दुसरी बाजू तशीच ठेवली, आणि विटेचे चाळलेले बारीक तुकडे थोडं कंपोस्ट घालून भरले. विटेची पूड अजिबात जाऊ देऊ नका, तीच खाली बसून पाणी अडवते. सगळी माती एकदम धुऊन काढू नका, कॉनिफरच्या, म्हणजे अशा सूचिपर्णी झाडांच्या, मुळांबरोबर राहणारी उपयोगी बुरशी असते तीही जाते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, तेव्हा फक्त सकाळचं ऊन आणि दुपारी ग्रीन नेट, काळी प्लॅस्टिक कुंडी तापते म्हणून मातीची वापरली. पानं मळकट, करडी वाटली तर पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, बारीक ठिपके चालताना दिसले तर कोळी कीड आहे. मी तीन-चार दिवसांआड पाण्याचा फवारा पानांच्या खालून जोरात मारला, गेला. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते, तार दर आठवड्याला बघा, रुतायला लागली की तुकडे करून काढा, उलटी सोडवत बसू नका, फांदी मोडते.

झाडाला आणि काकांना पाच स्टार, काउंटरला दोन. सकाळी दहाच्या आत जा, काका नंतर नसतात. उरलेली अर्धी माती मी पुढच्या जानेवारीत काढणारे.