हॉलला मेटॅलिक इपॉक्सी करावं की सरळ विट्रिफाइड टाइल्स?

हॉलचं फ्लोअरिंग बदलायचंय, मेटॅलिक इपॉक्सीचे (दोन भाग कालवून जमिनीवर ओतायचं, कडक होणारं चमकदार रेझिनचं कोटिंग) व्हिडिओ बघून मन तिकडे गेलंय आणि घरचे म्हणतायत टाइल्सच टाका, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलला मेटॅलिक केलं आणि आईबाबांच्या कोकणातल्या घरी टाइल्स, आणि दोन्हीकडे समाधानी आहोत.

दिसण्यात मेटॅलिकला तोड नाही. ती चमक अभ्रकाच्या बारीक पावडरीची असते, ओतलेल्या रेझिनमध्ये ती हलत हलत जिथे थांबते तिथे डिझाइन उमटतं, म्हणून दोन घरांत सारखं कधीच येत नाही. जोड नसल्यामुळे काळं पडणारं ग्राउटही (सांध्यात भरायचा मसाला) नाही. टाइल मात्र दुकानात बघितली तशीच घरी येते, ही खात्री इपॉक्सीत मिळत नाही. त्यामुळे जो काम करणार त्याच्याच हातचा सॅम्पल बोर्ड बघितल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

पण खरा निर्णय रंगावर नाही, ओलीवर होतो. कोकणात आम्ही कोब्यावर दीड बाय दीड फुटाचा पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी उचलला तर आतून थेंब जमलेले आणि खालचा चौकोन गडद झालेला. तिथेच इपॉक्सीचा विषय संपला, कारण खालून येणारी वाफ अडली की कोटिंग फुगतं आणि पोपडे निघतात. टाइल्सच्या सांध्यातून फार तर पांढरा खार फुटतो, तो पुसता येतो. ग्राउंड फ्लोअर असेल तर ही टेस्ट कराच, नवा स्लॅब असेल तर निदान २८ दिवस थांबा.

जुन्या लाद्यांवरच करायचं असेल तर इपॉक्सी सोयीचं, २–३ मिमीच जाडी वाढते, दारं तासावी लागत नाहीत, टाइलवर टाइल टाकली की चिकटवायचं केमिकल धरून १२–१५ मिमी तरी चढते. फक्त पोकळ वाजणाऱ्या लाद्या काढाव्या लागतात, सांधे भरावे लागतात नाहीतर वरून रेघा दिसतात, आणि इपॉक्सी धरावं म्हणून लाद्या मशीनने घासतात त्या ग्राइंडिंगची धूळ.. कपाटं नीट झाकून घ्या, मशीनला व्हॅक्युम लावूनही आमच्या माळ्यापर्यंत गेली होती.

टाइल्सचं काम एकेक खोली करत घरात राहून होतं. इपॉक्सी एकदा कालवलं की अर्ध्या तासाच्या आत ओतून पसरायचं, बादलीतच राहिलं तर हाताला चटका बसेल इतकं तापतं. पावसाळ्यात तर करूच नका, दमट हवेत वर चिकट पांढुरका थर येतो. आमचं डिसेंबरात केलं, पंखे बंद, खिडक्या बंद, तरी एक डास चिकटलाच आणि वरचा क्लिअर कोट मारण्याआधी तेवढा भाग घासावा लागला. दुसऱ्या दिवशी चालता येतं, फर्निचर तीन दिवसांनी, पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा.

पश्चिमेची मोठी बाल्कनी असेल तर पांढरा किंवा पर्ल शेड नकोच, उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, वर अ‍ॅलिफॅटिक पीयू (उन्हाने सहसा पिवळं न पडणारं पॉलियुरेथेन) कोट असला तर बराच फरक पडतो. खुर्च्या ओढल्या की इपॉक्सीवर चरे पडतात, पायांना खालून फेल्टचे (जाड नमद्याचे) तुकडे लावा. चरे वाढले तर घासून टॉपकोट परत मारता येतो, पण खोल खड्डा पडला तर पॅच दिसतोच, टाइल फुटली तर एक बदलून मोकळे (एक बॉक्स जादा ठेवा). ओलं असताना चकचकीत फ्लोअर दोन्हीही घसरतात, घरात वयस्कर असतील तर इपॉक्सीच्या वरच्या कोटात अँटी-स्किड (घसरण कमी करणारी) पावडर किंवा मॅट टाइल घ्या, मी चमकेपेक्षा हे वर ठेवीन.

कोटेशन घेताना माल मोजा. १ चौरस मीटरला १ मिमी जाडीसाठी १ लिटर लागतो, म्हणजे २०० चौरस फुटांच्या हॉलला २ मिमीचा थर ओतायचा तर साधारण ३७ लिटर. आम्हाला एकाने २० लिटरात सगळं करून देतो सांगितलं होतं, त्याला नाही म्हटलं. ग्राइंडिंग, प्रायमर, थराची जाडी, टॉपकोट कुठला, हे सगळं कागदावर लिहून घ्या.