जायंट ब्रीडच्या पिल्लाला काय द्यायचं: लार्ज ब्रीड पपी फूड, अडल्ट फूड की घरी बनवलेलं?

ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ, न्यूफाउंडलंड, आयरिश वुल्फहाउंड, यातलं कुठलंही पिल्लू घरी येणार म्हटलं की सल्ले सुरू होतात. ब्रीडर म्हणतो थेट अडल्ट फूड चालू करा म्हणजे हळू वाढेल, दुकानदार म्हणतो पपी फूडच घ्या, कोणी कच्चं मांस आणि हाडं सांगतो आणि कोणी ना कोणी कॅल्शियमची बाटली हातात ठेवतोच. यातलं काय घ्यायचं ते ठरवायला ब्रँडची नावं बाजूला ठेवा, दोनच गोष्टी बघायच्यात: कॅल्शियम किती आणि कॅलरी किती.

का, तर जन्मताना अर्धा-पाऊण किलोचं असलेलं हे पिल्लू दीड-दोन वर्षांत 50, 60, कधी 70 किलोचं होतं, आणि सगळ्यात जोरात वाढ पहिल्या सहा-सात महिन्यांत होते. हाडं अजून पक्की नाहीत आणि वरचं वजन भराभर वाढतंय. हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं), सांध्यातली कूर्चा सुटणं (ओसीडी), पाय वाकडे होणं हे सगळं इथेच सुरू होतं. आनुवंशिकता आपल्या हातात नाही, खाणं आहे. शिवाय मोठ्या कुत्र्याला नको असलेलं कॅल्शियम आतड्यातच अडवता येतं, लहान पिल्लाला ते नीट जमत नाही, जास्त आलं की जास्त शोषलं जातं आणि थेट हाडांच्या वाढीत गडबड होते. साधारण सहा महिन्यांपर्यंत हा धोका सगळ्यात जास्त.

प्रोटीनची भीती मात्र सोडून द्या. "जास्त प्रोटीनने हाडं बिघडतात" हे अजूनही ऐकू येतं, पण नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला 1990 च्या आसपास ग्रेट डेनच्या पिल्लांना साधारण 15, 23 आणि 32 टक्के प्रोटीन देऊन बघितलं होतं, हाडांच्या दुखण्यात प्रोटीनमुळे फरक दिसला नाही. त्याच संशोधकांच्या कॅल्शियमच्या प्रयोगांत मात्र जादा कॅल्शियमवाल्या पिल्लांची हाडं बिघडलेली दिसली.

आता पर्याय.

लार्ज ब्रीड पपी फूड आणि साधं पपी फूड यांच्यात दिसायला फरक पिशवीवरच्या फोटोचा आणि दाण्याच्या साइझचा वाटतो, खरा फरक कॅल्शियमच्या वरच्या मर्यादेत आहे. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषात वाढीच्या वयासाठी कमीत कमी 1.2 टक्के कॅल्शियम लागतं (ओलावा वगळून धरलेल्या वजनावर), आणि वरची मर्यादा साध्या पपी फूडला 2.5 तर मोठ्या जातींसाठी 1.8 टक्के. म्हणजे साधं पपी फूड 2.2 टक्क्यांचं असलं तरी नियमात बसतं, फक्त तुमच्या डेनसाठी ते नको. युरोपातली पेट फूड कंपन्यांची संघटना फेडिआफ सुरुवातीच्या वाढीसाठी 1.6 वरच थांबते. साध्या फूडमध्ये कॅलरीही बरेचदा जास्त ठासलेल्या असतात. त्यामुळे या दोघांत विचार करण्यासारखं काही नाही, लार्ज ब्रीडवालं घ्या.

अडल्ट फूडचा मुद्दा जरा मोठा आहे कारण हा सल्ला अनुभवी लोक देतात आणि त्यांचा हेतू बरोबर असतो: वाढ हळू व्हायला पाहिजे. पण वाढ हळू होते ती कमी कॅलरीने, पिशवीवर "अडल्ट" लिहिल्याने नाही. अडल्ट फूडला कॅल्शियमची मर्यादा 0.5 पासून 2.5 टक्क्यांपर्यंत कुठेही चालते, म्हणजे पिल्लाला कमीही पडू शकतं आणि डोक्यावरूनही जाऊ शकतं. त्यात अडल्ट फूडमध्ये कॅलरी कमी असल्या तर पिल्लू पोट भरायला जास्त ग्रॅम खाणार, आणि जास्त ग्रॅम म्हणजे प्रत्येक ग्रॅमबरोबर येणारं कॅल्शियमही जास्त. ज्या कारणासाठी अडल्ट फूड घेतलं तेच उलटं होऊन बसतं. वाढ हळूच करायचीये ना, मग लार्ज ब्रीड पपी फूड मोजून थोडं कमी द्या, काम तेच होतं आणि बाकीची खनिजं वाढीच्या हिशोबाने बरोबर राहतात.

"ऑल लाइफ स्टेजेस" (सगळ्या वयांसाठी) लिहिलेलं असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. 70 पाउंड म्हणजे साधारण 32 किलोच्या वर जाणाऱ्या कुत्र्यांच्या वाढीसह चालेल असं लिहिलंय की ती वाढ सोडून, एवढं एक वाक्य बघायचं. सोडून असेल तर पिशवी खाली ठेवा. टिनमधलं ओलं फूड वाईट नाही, पण या आकाराच्या पिल्लाला नुसत्या त्याच्यावर वाढवणं खिशाला झेपत नाही.

घरी बनवलेलं आणि कच्चं मांस. इथे मी सरळ सांगते, वाढीच्या वयात अंदाजाने करू नका. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या 15-20 पट असतं, पाहिजे ते प्रमाण उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने ते दुपटीपर्यंत. असं चालू राहिलं की शरीर हाडांतलंच कॅल्शियम ओढायला लागतं आणि हाडं साध्या उडीत मोडू शकतात. भर म्हणून हाडं घातली की कॅल्शियम दुसऱ्या टोकाला, वर कच्च्या मांसातल्या साल्मोनेला जंतूंचं टेन्शन वेगळं. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने घरगुती डॉग फूडच्या 200 रेसिपी तपासल्या, 95 टक्क्यांत काही ना काही कमी होतं, आणि त्या वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांसाठी होत्या. घरचंच द्यायचं असेल तर व्हेटरिनरी न्यूट्रिशनिस्टकडून (प्राण्यांच्या आहाराचा तज्ज्ञ) त्या पिल्लासाठी रेसिपी बनवून घ्या आणि ग्रॅम न ग्रॅम पाळा. हे जमणारं घर असतं, पण बहुतेक घरं दोन महिन्यांत "आज हे नव्हतं म्हणून ते घातलं" वर येतात.

पॅकेटचं पूर्ण फूड देत असाल तर वरून कॅल्शियम अजिबात नाही. पंजे पसरलेले दिसले, पुढचे पाय वाकायला लागले की लोक हमखास बाटली काढतात, तिथे बाटली नाही, व्हेट लागतो.

दोन पिशव्यांची तुलना करताना टक्क्यांवर थांबू नका, 1000 किलोकॅलरीमागे कॅल्शियम किती ते काढा. समजा लेबलवर कॅल्शियम 1.4 टक्के आणि किलोला 3800 किलोकॅलरी. 1.4 टक्के म्हणजे किलोत 14 ग्रॅम, भागिले 3.8, साधारण 3.7 ग्रॅम. 3 ते 4.5 च्या मध्ये आलं म्हणजे ठीक. लेबलवर नुसतं "कमीत कमी" दिलं असेल तर त्याचा उपयोग नाही, कंपनीला मेल करून खरा आकडा मागा, देत नसतील तर दुसरी कंपनी.

आता वाडगा भरून ठेवायचा की मोजून द्यायचं? माझ्या मते ही निवड ब्रँडपेक्षा मोठी आहे. 1974 च्या एका अभ्यासात ग्रेट डेनच्या पिल्लांचे दोन गट केले होते, एकाला हवं तेवढं आणि दुसऱ्याला त्याच्या दोन तृतीयांश, हाडांची दुखणी भरपूर खाणाऱ्यांत जास्त निघाली. पुढे 48 लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात 25 टक्के कमी खाणाऱ्यांचे हिप्स चांगले राहिले आणि ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. आणि मोजून दिलं म्हणून कुत्रा छोटा राहत नाही, योग्य फूड असेल तर उंची जीन्समध्ये असते तेवढी येतेच, फक्त सावकाश.

किती द्यायचं याचा ढोबळ हिशोब: चार महिन्यांच्या पुढचं 25 किलोचं पिल्लू धरलं तर दिवसाला साधारण 1550 ते 1600 किलोकॅलरी, वरच्या 3800 किलोकॅलरीवाल्या फूडचे 410 ग्रॅमच्या आसपास. डेनला बरेचदा याहून जास्त लागतं, म्हणून ही फक्त सुरुवात समजा आणि पुढे हाताने ठरवा: बरगड्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. गोलमटोल पिल्लू फोटोत गोड दिसतं, सांध्यांना नाही परवडत. कपाने मोजू नका, किचनचा वजनकाटा वापरा, आणि ट्रीट्स दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांत बसवा.

चार महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, नंतर कायम निदान दोन वेळा. एकदाच भरपेट नको, या जातींमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. उंच स्टँडवर भांडं ठेवायची फॅशन आहे पण 2000 साली छापलेल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात उंच भांड्यांनी हा धोका वाढलेलाच दिसला, त्यामुळे भांडं जमिनीवर बरं.

पपी फूड कधी सोडायचं? पिशवीवर 12 महिने लिहिलेलं असलं तरी जायंट ब्रीडला 18 ते 24 महिने चालू ठेवा, आणि बदलताना 7-10 दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला, नाहीतर जुलाब ठरलेले.